फॅशियावर काम सुरू करताना: नव्या बॉडीवर्क थेरपिस्टसाठी पायरीपायरीने

मसाज किंवा बॉडीवर्कचा कोर्स संपवून नुकतंच काम सुरू केलेल्यांचा फॅशियाबाबत, म्हणजे स्नायूंभोवती आणि त्यांच्या आत असलेल्या पातळ पांढऱ्या वेष्टनांबाबत, फार गोंधळ उडतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही. एका वर्कशॉपमध्ये सांगतात, दाब दिला की फॅशिया वितळतो. दुसऱ्यात सांगतात, तो चिकटलेला असतो, फोडून मोकळा करावा लागतो. तिसऱ्यात सगळी दुखणी, सगळी वाकडी ठेवण आणि वर मनातलं दुःखसुद्धा फॅशियातच साठलेलं असतं. मी या सगळ्या वर्गांना बसले आहे, फी भरली आहे, आणि त्यानंतर बरीच वर्षं लोकांच्या पाठी-पोटऱ्यांवर काम करते आहे. त्यातून जे हाताला पटलं आणि संशोधनातही टिकलं, ते इथे क्रमाने लिहिते.

मुख्य मुद्दा आधीच सांगून टाकते. तुमचे हात फॅशिया ताणून लांब करत नाहीत. ते माणसाच्या चेतासंस्थेला नवी माहिती देतात, थरांमधली सरकण थोडी सुधारतात, आणि त्यातून थोडा वेळ मोकळीक मिळते. त्या वेळात नीट हालचाल करून घेतलीत तर काम टिकतं. टेबलवरून थेट घरी पाठवलंत तर दोन दिवसांत माणूस होता तिथे परत येतो.

१. आधी फॅशिया डोळ्यांनी बघा

शरीररचनेच्या चित्रांत स्नायू लालभडक, सुटेसुटे आणि स्वच्छ असतात. ते तसे दिसावेत म्हणून त्यांच्यावरचा फॅशिया काढून टाकलेला असतो. त्यामुळे तो आपल्या डोक्यात बसतच नाही.

तुम्ही मांसाहारी असाल तर कोंबडीची एक अख्खी तंगडी आणा. दुकानदार सहसा सोलूनच देतात, म्हणून कातड्यासकट हवी असं आधी सांगा. घरी ताटात ठेवून कातडं हळूहळू ओढा. कातडं आणि मांस यांच्यामध्ये पांढरे, ओले तंतू ताणले जाताना दिसतील, अधूनमधून पिवळी चरबी. हा वरचा, म्हणजे सुपरफिशियल फॅशिया. कातडं मांसावरून सरकतं ते याच्यामुळे. आता मांसावर बोट फिरवा. चकचकीत, जवळजवळ आरपार दिसणारा पापुद्रा लागेल. तो खोल फॅशिया. सुरीच्या बोथट बाजूने दोन स्नायूंच्या मधल्या रेषेत शिरा. फारसं न कापता ते वेगळे होतील, कारण तिथे पापुद्र्याचीच भिंत आहे.

शेवटी एक स्नायू आडवा कापा. आतही जाळी आहे: अख्ख्या स्नायूभोवती एपिमायसियम, तंतूंच्या जुडग्यांभोवती पेरिमायसियम, प्रत्येक तंतूभोवती एंडोमायसियम. टोकाकडे हीच वेष्टनं एकवटून टेंडन होतो आणि तो हाडाच्या आवरणात मिसळतो. स्नायू नेमका कुठे संपला आणि टेंडन कुठे सुरू झाला, यावर बोट ठेवता येत नाही. अर्ध्या तासाच्या या उद्योगाने जे कळतं ते पन्नास स्लाइड बघून कळत नाही. शाकाहारी मंडळींनी शवविच्छेदनाचे शैक्षणिक व्हिडिओ बघावेत, पण बघावेत नक्की.

या ऊतीत मुख्यतः कोलॅजेन या मजबूत प्रथिनाचे तंतू असतात, थोडं लवचीक इलॅस्टिन, तंतू तयार करणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी, आणि थरांच्या मधोमध पाणी धरून ठेवणारं हायलुरोनान. हे शेवटचं नाव लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

२. चार जागा पक्क्या करा

अख्ख्या शरीराचा नकाशा पहिल्याच महिन्यात पाठ करायला जाऊ नका. ठेवण आणि चाल यांच्यासाठी चार जागा नीट कळल्या तरी पुष्कळ झालं.

*तळपाय.* प्लँटार फॅशिया टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत जातो. चालताना टाच उचलली की पायाचा अंगठा वर वळतो, आणि रहाटावर दोर गुंडाळावा तशी ही पट्टी अंगठ्याच्या सांध्याखालून गुंडाळली जाते. टाच आणि बोटं जवळ येतात, कमान उंचावते, पाऊल ताठ होतं आणि जमिनीला ढकलायला तयार होतं. हिक्स यांनी १९५४मध्ये ही यंत्रणा वर्णन केली. आत्ता उभे राहा आणि कुणाला तरी तुमचा अंगठा हाताने वर उचलायला सांगा. कमान आपोआप वर येईल आणि नडगी किंचित बाहेरच्या बाजूला वळेल. म्हणजे अंगठ्याची हालचाल गुडघ्यापर्यंत पोचते.

*पोटरी.* इथला खोल फॅशिया घट्ट असतो आणि आत भिंती घालून स्नायूंचे कप्पे करतो. स्नायू आकुंचन पावला की याच घट्टपणामुळे नसांमधलं रक्त वर ढकललं जातं. दिवसभर एका जागी उभं राहणाऱ्यांचे पाय का भरून येतात हे यावरून समजतं.

*मांडीची बाहेरची बाजू.* इलिओटिबियल बँड म्हणजे मांडीभोवतीच्या फॅशिया लाटा नावाच्या खोल फॅशियाचाच जाड झालेला भाग. तो आतल्या भिंतीने मांडीच्या हाडाला बांधलेला असतो. म्हणून त्याच्यावर कोपर घालून किंवा फोम रोलर रगडून तो 'लांब' होत नाही. खाली गुडघ्याजवळ चरबीची, चेतातंतूंनी भरलेली ऊती दाबली जाते, आणि माणूस ओरडतो ते त्यामुळे. या पट्टीत दोन स्नायू येऊन मिळतात: वर पुढच्या बाजूने टेन्सर फॅशिया लाटा आणि मागून नितंबाचा मोठा स्नायू ग्लुटियस मॅक्सिमस. काम करायचं तर त्या दोघांवर करा, पट्टीला सोडून द्या.

*कंबर.* थोराकोलंबर फॅशिया हा सगळ्यांत गुंतागुंतीचा आणि मला सगळ्यांत आवडणारा. कमरेच्या मागे कोलॅजेनचे थरावर थर असतात. त्याला वरून पाठीचा रुंद स्नायू लॅटिसिमस डॉर्सी, खालून ग्लुटियस मॅक्सिमस, बाजूने पोटाचा सर्वांत आतला ट्रान्सव्हर्सस अॅब्डॉमिनिस, असे सगळे येऊन जोडले जातात. एका बाजूचा लॅटिसिमस आणि दुसऱ्या बाजूचा ग्लुटियस यांच्यात या फॅशियातून ताण पोचू शकतो, हे १९९५मध्ये व्लीमिंग आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांवरच्या अभ्यासात दाखवलं. चालताना उजवा हात आणि डावा पाय एकाच वेळी पुढे जातात, ते डोळ्यांसमोर आणा.

इथली आणखी एक गोष्ट प्रत्येक नवशिक्याने समजून घ्यायलाच हवी. उभ्याने पूर्ण खाली वाकलं की एका टप्प्यानंतर पाठीच्या कण्यालगतचे उभे स्नायू जवळजवळ गप्प होतात. धड मग मुख्यतः अस्थिबंध आणि हा फॅशिया यांच्यावर लटकतं. फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी १९५०च्या दशकात स्नायूंतली विद्युत हालचाल मोजून हे नोंदवलं. भातलावणीला तासन्‌तास वाकलेल्या बाया, खाली वाकून झाडू मारणाऱ्या मावशी, बांधकामावर फरशी बसवणारे कामगार यांच्या कमरेवर नेमका कसला भार येतो ते यातून कळतं. ऊतीवर बराच वेळ ताण राहिला की ती थोडी सैलावते आणि पूर्ववत व्हायला वेळ घेते. म्हणून अशा माणसाने वाकून काम संपवल्यावर लगेच जड घमेलं उचलू नये. आधी सरळ उभं राहून दोन मिनिटं चालावं.

डोक्यापासून पायापर्यंत जाणाऱ्या, फॅशियाने जोडलेल्या स्नायूंच्या 'रेषां'बद्दल तुम्ही ऐकलं असेल. थॉमस मायर्स यांनी त्या लोकप्रिय केल्या. विल्के आणि सहकाऱ्यांनी २०१६मध्ये शवविच्छेदनाचे उपलब्ध अभ्यास एकत्र करून तपासले. पाठीमागच्या रेषेला आणि तिरक्या कार्यात्मक रेषांना भक्कम पुरावा सापडला, सर्पिल आणि बाजूच्या रेषांना मध्यम, आणि शरीराच्या पुढच्या बाजूच्या वरवरच्या रेषेला सापडला नाही. रेषा वापरा, पण शोध कुठून सुरू करायचा याची सूचना म्हणून. माणूस समोर असताना त्याचं शरीर आधी, तक्ता नंतर.

३. हाताखाली काय घडतं ते समजून घ्या

२००८मध्ये चौधरी आणि सहकाऱ्यांनी हाताने दिलेल्या दाबाचं गणिती मॉडेल मांडलं. निष्कर्ष असा निघाला की तळपायाचा फॅशिया किंवा फॅशिया लाटा एक टक्का जरी दाबायचा किंवा सरकवायचा म्हटला तरी लागणारं बल माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचं आहे. नाकावरच्या पातळ फॅशियात मात्र बदल शक्य आहे. हे वाचून पुष्कळ जण खट्टू होतात. माझ्या दृष्टीने ही सुटका आहे. कारण यानंतर तुम्हाला अंगठे मोडेपर्यंत दाबायचं काहीच कारण उरत नाही.

तरीही हाताखाली काहीतरी 'सुटल्याचं' जाणवतं. ते खरंच असतं, फक्त कारण वेगळं आहे. फॅशियात संवेदना टिपणारी टोकं भरपूर आहेत. रॉबर्ट श्लाइप यांनी २००३मध्ये मांडलं की हळू, टिकून राहणाऱ्या दाबाने ही टोकं चेतवली जातात आणि चेतासंस्था त्या भागातल्या स्नायूंचा ताण उतरवते. दुसरी गोष्ट सरकण. इटलीतल्या पादुआच्या कार्ला स्टेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थरांमधल्या हायलुरोनानकडे लक्ष वेधलं. ते दाट झालं की थर एकमेकांवरून सहज सरकत नाहीत, आणि हालचाल व ऊब मिळाली की ते पातळ होतं. हेलेन लँजेव्हिन यांच्या गटाने २०११मध्ये अल्ट्रासाउंडवर पाहिलं, तेव्हा जुनाट कंबरदुखी असलेल्यांच्या थोराकोलंबर फॅशियातली थरांची सरकण दुखणं नसलेल्यांपेक्षा सुमारे २० टक्के कमी होती. यातून सरकण कमी झाली म्हणून दुखलं, की दुखतं म्हणून माणूस हलेनासा झाला आणि सरकण कमी झाली, हे ठरत नाही. क्लायंटला सांगताना ही मर्यादा पाळा.

हा फॅशिया दुखूही शकतो. शिल्डर आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये निरोगी लोकांच्या कमरेत खारट द्रावण टोचून पाहिलं. स्नायूत टोचल्यापेक्षा फॅशियात टोचल्यावर वेदना जास्त आणि लांबवर पसरणारी होती. म्हणून क्लायंट 'आतून, सगळीकडे दुखतं, नेमकं दाखवता येत नाही' म्हणतो, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवा.

४. सामान आणि कागद

सामान फार लागत नाही:

- टेबल, तीन-चार उशा, चादरी, आणि पाठ नसलेलं एक स्टूल. बसवून काम करायला स्टूल फार उपयोगी पडतं.
- ओळंबा. हार्डवेअरच्या दुकानात गवंडीकामाचा मिळतो, तोच आणा. दाराच्या चौकटीला बांधून ठेवा.
- मोजपट्टी, त्वचेवर खूण करायची पेन्सिल, फोनचा कॅमेरा.
- एक टेनिस बॉल, एक जाड टॉवेल.
- तेल अगदी थोडं. भरपूर तेल लावलं की हात नुसता घसरतो, थर पकडीत येत नाही. या कामापुरतं कोरड्या किंवा जेमतेम ओशट हाताने करा, तेलाची मालिश हवी असेल तर ती शेवटी.

कागद मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा: आजार, शस्त्रक्रिया आणि चालू औषधांची माहिती विचारणारा फॉर्म, मराठीत लिहिलेलं संमतीपत्र, फोटो काढणार असाल तर त्याची वेगळी संमती, आणि प्रत्येक भेटीची नोंद. संमतीपत्रात कुठे हात लावणार आणि कपडे किती काढावे लागतील हे स्पष्ट लिहा. जवळच्या एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञाचा आणि फिजिओथेरपिस्टचा नंबर हाताशी असू द्या.

५. हात लावायच्या आधी विचारा

ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि हिच्यावरच सगळं अवलंबून आहे.

एकाच पोटरीत दुखणं, सूज आणि ऊब असेल तर हात लावू नका. नसेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि चोळल्यास ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, लांबचा प्रवास झाला आहे किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळून होता, असं माणूस सांगत असेल तर जास्तच सावध राहा. लगेच डॉक्टरकडे पाठवा.

कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा, पायातली शक्ती कमी होत जाणं, ही तातडीची लक्षणं आहेत. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, बारीक ताप, वजन उतरणं दिसलं तरी थांबा. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून आढळतो आणि सुरुवातीला तो साध्या पाठदुखीसारखाच वाटतो.

रक्त पातळ करणारी औषधं, बराच काळ घेतलेली स्टेरॉइड्स, हाडांचा ठिसूळपणा, कर्करोग, गरोदरपण यांपैकी काही असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय खोल काम करू नका. मधुमेह असेल तर तळपायाची संवेदना आधी तपासा. कापसाच्या बोळ्याने हलका स्पर्श करून डोळे मिटलेल्या माणसाला विचारा, कळतंय का? ज्याला स्पर्शच नीट कळत नाही त्याने 'अजून जोरात चालेल' म्हटलं तर त्याला अर्थ नाही. आषाढीला वारकऱ्यांचे पाय चोळायच्या सेवेला तुम्ही जाणार असाल तर हे खास ध्यानात ठेवा. वयस्क माणसं, सुजलेल्या पोटऱ्या, फोड आलेले तळवे आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना साखर. तिथे हलका हात, फोडांना स्पर्श नाही.

मानेच्या पुढच्या बाजूला, काखेत, जांघेत आणि गुडघ्यामागच्या खळग्यात खोल दाब कधीच देऊ नका. शेवटच्या बरगडीखाली, मूत्रपिंडाच्या जागी, कोपर टेकवू नका.

६. ठेवण पाहा, पण निकाल देऊ नका

माणसाला ओळंब्याच्या बाजूला कडेने उभं करा. दोर घोट्याच्या जरासा पुढून जावा अशी पावलं लावा, आणि मग वर बघत जा: गुडघ्याच्या मध्याच्या किंचित पुढे, खुब्याच्या उंचवट्याजवळ, खांद्याच्या मध्यावर, कानाच्या पाळीवर. पाठ्यपुस्तकातली आदर्श रेषा ही अशी. शरीराचा भार घोट्याच्या पुढे पडतो, म्हणून उभं राहायला पोटरीला थोडं काम सतत करावंच लागतं. कुणाचा भार फारच पुढे असेल तर पोटरी आणि तळपाय का दमतात हे इथेच दिसतं.

सापळा इथेच आहे. रेषेतून बाहेर गेलेला प्रत्येक माणूस दुखण्याने त्रस्त नसतो, आणि रेषेत असलेला प्रत्येक जण निरोगी नसतो. 'तुमचा एक खांदा खाली आहे, म्हणून डोकं दुखतं' असं छातीठोक सांगू नका. लोक ते वाक्य वर्षानुवर्षं मनात बाळगतात, आरशात खांदा बघत राहतात. दिसलं ते वहीत लिहा आणि हालचालीकडे वळा.

७. हालचाल पाहा आणि मोजा

मी चार गोष्टी करून बघते. प्रत्येकीचा आकडा लिहून ठेवते, कारण काम झाल्यावर त्याच परत करायच्या असतात.

*उकिडवं बसणं.* पावलं खांद्याएवढ्या अंतरावर, टाचा जमिनीवर. टाच उचलली गेली तर घोटा अडतोय. खात्रीसाठी भिंतीसमोर उभं करा, पाऊल मागे नेत नेत टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो तोवरचं अंतर मोजा. दोन्ही पायांत दोन सेंटिमीटरच्या आसपास फरक आला तर नोंद घ्या.

*पुढे वाकणं.* बोटं जमिनीपासून किती वर राहतात ते मोजा. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाकणं कुठून होतंय ते बघा. काहींची कंबर पाटासारखी सपाट राहते आणि सगळं खुब्यातून होतं, काहींचं उलट.

*हात वर नेणं.* उताणं झोपवून, गुडघे दुमडून, कंबर टेबलला टेकवायला सांगा आणि मग दोन्ही हात डोक्यामागे. कंबर उचलल्याशिवाय हात मागे जातच नसतील तर लॅटिसिमस आणि त्याच्यामार्गे थोराकोलंबर फॅशिया यांचा विचार करा.

*चालणं.* खोलीत चार-सहा फेऱ्या. हात झुलतात का, टाच उचलताना अंगठा वळतो का, की पाऊल सपाट उचललं जातं? चपला काढूनच बघा.

८. आता टेबल

तळहात, मुठीची सपाट बाजू किंवा कोपर ते मनगट हा हाताचा भाग वापरा. अंगठे वाचवा. या धंद्यात अनेकांचे अंगठे आधी जातात.

हात ठेवा आणि सरळ खाली हळूहळू जा. एका जागी ऊती 'थांब' म्हणते, तिथे थांबा. अजून खाली घुसू नका. दोन-तीन श्वास जाऊ द्या. मग दाबाची दिशा तिरकी करा, आणि एका श्वासाला बोटभर अंतर, इतक्याच वेगाने पुढे सरका. वेग वाढला की माणूस आपोआप अंग आखडतो. दुखण्याला शून्य ते दहापैकी किती गुण, असं विचारत राहा. मी सहाच्या वर जाऊ देत नाही. श्वास रोखला, पायाची बोटं आवळली, तर तोंडाने 'चालेल' म्हणत असला तरी दाब कमी करा.

याहूनही परिणामकारक म्हणजे तुमच्या हाताखाली माणसाला हलवणं. पोटरीवर हात स्थिर धरा आणि त्याला पाऊल वर-खाली करायला सांगा, सावकाश, आठ-दहा वेळा. हाताखाली थर सरकताना तुम्हाला स्पष्ट जाणवतील, कुठे सरकतात आणि कुठे अडखळतात तेही. कमरेसाठी माणसाला स्टूलवर बसवा, कण्याच्या दोन्ही बाजूंना हात सपाट ठेवा आणि त्याला डोक्यापासून एकेक मणका सोडत पुढे वाकू द्या. तुमचे हात फक्त सोबत खाली जातात. उठताना त्याने पाय जमिनीत रोवून स्वतः उठायचं.

सिझेरियनच्या किंवा इतर शस्त्रक्रियेच्या व्रणाजवळ काम करायचं असेल तर जखम पूर्ण भरलेली आणि डॉक्टरांची परवानगी हवी. मग कातडं चारही दिशांना हलकेच सरकवून बघा. जिकडे कमी सरकतं त्या दिशेला थोडा वेळ धरा. इतकंच. पहिल्या वेळी काही बायका स्वतःच्या व्रणाला हातसुद्धा लावलेला नसल्याचं सांगतात. घाई करू नका, आणि आधी त्यांचा स्वतःचा हात तिथे ठेवू द्या.

९. टेबलवरून उठवा आणि हलवा

ही पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते, कारण तोवर वेळ संपलेली असते. साठ मिनिटांच्या भेटीतली शेवटची पंधरा यासाठी राखून ठेवा.

सातव्या पायरीतल्या ज्या हालचाली अडत होत्या त्या परत मोजा. घोटा मोकळा झाला असेल तर लगेच टाचा टेकवून उकिडवं बसवा, आधाराला दाराची कडी धरली तरी चालेल. कमरेवर काम केलं असेल तर हात झुलवत चालायला लावा, उजवा हात पुढे तेव्हा डावा पाय पुढे. काही जण हात शरीराला चिकटवूनच चालतात, त्यांना नुसतं हे सांगितलं तरी चाल बदलते. तळपायावर काम केलं असेल तर चवड्यावर उभं राहून टाचा हळूहळू उचलायला सांगा आणि अंगठा वळतोय का बघा.

आकडा बदलला नसेल तर तसं सांगा. तेवढ्या भागाचा प्रश्न फॅशियाचा नसेल, सांध्याचा असेल, भीतीचा असेल किंवा ताकदीचा असेल.

१०. घरी काय करायला द्यावं

कोलॅजेनची रचना बदलायला महिने लागतात आणि ती भार पडल्याने बदलते. म्हणून घरचा व्यायाम हाच खरा उपचार, टेबलवरचं काम त्याची तयारी.

सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येणाऱ्यांसाठी एक तपासलेला कार्यक्रम आहे. राथलेफ आणि सहकाऱ्यांच्या २०१५च्या अभ्यासातला. पायरीवर चवडा, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल, म्हणजे अंगठा वर वळलेला राहतो आणि रहाट आवळलेला. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. दिवसाआड. सुरुवातीला बारा उचलण्यांचे तीन फेरे, पुढे पाठपिशवीत पुस्तकं घालून भार वाढवायचा आणि उचलणी कमी करायची. तीन महिन्यांनी हा गट नुसतं ताणणाऱ्या गटापेक्षा बराच पुढे होता. वर्षाने दोन्ही गट जवळजवळ सारखे झाले. म्हणजे फायदा लवकर बरं वाटण्यात आहे, आणि टाच दुखणाऱ्याला तेच हवं असतं. ज्याच्या टाचेचं निदान झालेलं नाही त्याला आधी डॉक्टरकडे पाठवा.

टेनिस बॉलवर तळपाय फिरवणं, फोम रोलर, हे पूरक म्हणून ठीक. थोडा वेळ हालचाल वाढते, व्यायामाच्या आधी त्याचा उपयोग होतो. मांडी घालून जमिनीवर बसणं आणि उठणं घरात चालू असेल तर ते मोडू देऊ नका. ज्यांचे गुडघे परवानगी देतात त्यांना मी दिवसातून काही वेळा मुद्दाम करायला सांगते.

११. तोंडात येणारी वाक्यं तपासा

आपल्याकडे माणूस येतो तो 'उसण भरली', 'शीर चढली', 'गाठ आली' असं म्हणत. त्याचे शब्द त्याला वापरू द्या, त्याची चूक काढायला जाऊ नका. पण तुम्ही 'फॅशिया चिकटलाय, फोडतो' किंवा 'शरीरातली विषं बाहेर निघतील' म्हणू नका. तसा पुरावा नाही, आणि ज्याला आपल्या आत काहीतरी चिकटलेलं, तुटलेलं आहे असं वाटतं तो हलायला घाबरतो. 'हा भाग सध्या जास्त जपून वागतोय, आपण त्याला हळूहळू मोकळं करू' एवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी अंगावर काळेनिळे डाग उठले तर ते जास्त दाब दिल्याचं लक्षण आहे, कामाची पावती नाही.

फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टर नसाल तर निदानाचं नाव कागदावर लिहू नका. 'उजव्या टाचेखाली दुखणं, सकाळी जास्त' असं जसंच्या तसं लिहा.

प्रत्येक भेटीच्या नोंदीत पाच गोष्टी असू द्या: काय सांगितलं, आधीचे आकडे, कुठे आणि किती वेळ काम केलं, नंतरचे आकडे, घरी काय दिलं. तीन-चार भेटींत आकडे आणि दुखणं दोन्ही जागचे हलले नाहीत तर तीच वही क्लायंटच्या हाती देऊन त्याला फिजिओथेरपिस्टकडे पाठवा. तपशीलवार नोंद सोबत गेली की पुढच्या माणसाला सगळं पहिल्यापासून विचारावं लागत नाही.